गोचिडांतील जिवाणूंची जनुकीय ओळख : गोव्याच्या संदर्भात

रानातल्या पाचोळ्यात वावरणाऱ्या किंवा वन्य प्राण्यांच्या अंगाला चिकटलेल्या गोचिडांच्या शरीरात कोणते जिवाणू आहेत, हे त्या जिवाणूंच्या डीएनएवरून ठरवण्याची पद्धत. गोचिडातले बरेचसे जिवाणू दुसऱ्याच्या पेशीत शिरूनच वाढतात; प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पोषक माध्यमावर ते उगवत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली दिसले तरी एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत. त्यामुळे जनुकांचा आधार घेतल्यावाचून इथे फारसे पुढे जाता येत नाही.

गोव्यात गोचीड म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो सत्तरीतला माकडताप. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये ओळखला गेलेला हा रोग २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यात आढळला आणि पुढच्याच वर्षी शेजारच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातही रुग्ण सापडले. माकडतापाचे कारण मात्र विषाणू आहे, जिवाणू नव्हे. हा फरक पुस्तकी नाही. विषाणूच्या तापावर प्रतिजैविक चालत नाही. गोचिडातून आलेल्या रिकेट्सिया या जिवाणूच्या तापावर डॉक्सिसायक्लिन वेळेवर दिले तर रुग्ण सहसा लवकर सावरतो. दोन्ही तापांची सुरुवात सारखीच असू शकते : डोकेदुखी, अंगदुखी, कडक ताप, आणि आठ-दहा दिवसांपूर्वी काजूच्या बागायतीत काम केल्याची आठवण. माकडतापाच्या दबदब्यामुळे गोचिडातल्या जिवाणूंकडे लोकांचे लक्ष कमी जाते, हे मात्र खरे.

गोचिडे आणि त्यांचे पोषक प्राणी

गोचीड हा कीटक नव्हे. कोळी आणि विंचू यांच्या वर्गातला तो प्राणी. जगात त्याच्या सुमारे ९०० जाती आहेत. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या डिंभाला सहा पाय असतात, त्यापुढच्या निम्फ अवस्थेला आणि प्रौढाला आठ. पाठीवर कडक ढाल असलेली ‘कठीण’ गोचिडे प्रत्येक अवस्थेत एकदाच, पण दिवसेंदिवस चिकटून, रक्त पितात.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात कोणती गोचिडे कोणावर सापडतात, हे ढोबळमानाने ठरलेले असते. गुरांवर ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, कुत्र्यावर ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. म्हशींवर आणि रानातल्या मोठ्या जनावरांवर नोसोमा मॉन्स्ट्रोसम, रानडुकरावर डर्मासेंटर ऑरेटस, घोरपडीवर आणि सापांवर ॲम्ब्लिओमा गेर्वेसी, खवलेमांजरावर ॲम्ब्लिओमा जावानेन्स. माकडतापाचा मुख्य वाहक हिमॅफिसॅलिस स्पिनिजेरा मात्र असा एका दारात बसणारा नाही. त्याची पिल्ले उंदीर, घुशी, पक्षी, माकडे यांच्यावर जगतात, प्रौढ गुरांवर आणि सांबर-गव्यासारख्या मोठ्या जनावरांवर. माणूस मध्ये सापडतो तो निम्फच्या तावडीत. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांच्या कडेला गुरे चरायला जातात, कुत्री मागोमाग जातात आणि रानडुकरे रात्री कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, उतरतात. रानातले गोचीड आणि गावातले गोचीड अशी स्वच्छ विभागणी त्यामुळे इथे करता येत नाही.

नमुने गोळा करणे

जनुकीय ओळखीतले निम्मे यश रानातच ठरते. सर्वांत रूढ पद्धत म्हणजे साधारण एक मीटर लांब-रुंद पांढरे फ्लॅनेलचे कापड काठीला बांधून पाचोळ्यावरून आणि झुडपांवरून हळूहळू ओढत नेणे. वाटसरूची वाट पाहत पानाच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसलेले गोचीड कापडाच्या केसाळ पृष्ठाला धरते. दर काही पावलांनी कापड उलटून बघायचे आणि दिसतील ती गोचिडे चिमट्याने उचलून अल्कोहोलच्या कुपीत टाकायची. निम्फ तिळाएवढे असते. हलले नाही तर ते पाचोळ्याचा तुकडा म्हणून सहज सुटते. फॉर्मलिन वापरणे टाळतात, कारण त्याने डीएनए खराब होतो.

हंगामाचे गणित गोव्याच्या पावसाशी जोडलेले आहे. पहिल्या पावसानंतर प्रौढ गोचिडे बाहेर पडतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यांची संख्या सर्वाधिक असते, पण भिजलेले कापड ओढून काहीच हाती लागत नाही; तेव्हा गुरांच्या अंगावरून वेचणे हाच मार्ग. पाऊस सरल्यावर डिंभ दिसू लागतात, आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत निम्फचे राज्य. नेमका हाच काजूचा मोसम. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून गळून पडलेले वेचतात. म्हणजे माणूस दिवसभर पाचोळ्यात वाकून किंवा बसून असतो. सत्तरीतल्या माकडतापाच्या रुग्णांत काजू बागायतीत काम करणारे बरेच होते, ते याच कारणाने. जिवाणूंसाठी नमुने घ्यायचे तर तेही याच जागी आणि याच दिवसांत घेणे शहाणपणाचे.

एक अडचण खास या भागाची. सत्तरीतल्या गोचिडात माकडतापाचा विषाणू असू शकतो हे धरूनच चालावे लागते, आणि तो हाताळायला उच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते. जिवंत गोचिडे पिशवीत घालून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणणे हा धोकाच. जागच्या जागी अल्कोहोलमध्ये बुडवली की विषाणू निष्प्रभ होतो आणि जिवाणूंचा डीएनए टिकून राहतो. पावसाळ्यात विजेचा भरवसा नसलेल्या गावात हे दुहेरी सोयीचे, कारण उणे ८० अंशांच्या फ्रीझरवर सगळी भिस्त ठेवावी लागत नाही.

गोचीड धुणे

ही पायरी किरकोळ वाटते, पण निकाल बिघडतो तो बहुधा इथेच. गोचिडाच्या कवचावर मातीतले, पाचोळ्यातले आणि वेचणाऱ्याच्या हातावरचेही जिवाणू असतात. अल्कोहोलने ते मरतात, पण त्यांचा डीएनए कवचावर तसाच राहतो आणि पुढे ‘गोचिडातला’ म्हणून मोजला जातो. म्हणून सौम्य ब्लीचमध्ये थोडा वेळ बुडवून, नंतर निर्जंतुक पाण्याने दोन-तीनदा खळबळून घेतात. ब्लीच डीएनएच तोडते. मग निर्जंतुक पात्याने गोचिडाचे तुकडे करून एन्झाइमच्या द्रावणात पेशी फोडतात आणि डीएनए वेगळा काढतात.

रक्त पिऊन टम्म फुगलेल्या मादीचा नमुना सर्वांना हवासा वाटतो, पण तो सर्वांत फसवाही. तिच्या पोटातल्या रक्तातले हीम हे लोहयुक्त द्रव्य पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची, प्रक्रिया अडवते, आणि त्या रक्तात सापडलेला जिवाणू गोचिडाचा की गव्याचा, हे सांगता येत नाही. रानात कापडावर मिळालेले उपाशी गोचीड त्या मानाने प्रामाणिक साक्षीदार : त्याने निदान आधीच्या अवस्थेपासून तो जिवाणू सांभाळून आणलेला असतो.

डीएनए अगदी थोडा असल्यामुळे रसायनांच्या किटमध्ये मुळातच असलेल्या जिवाणूंच्या डीएनएचाही गोंधळ होतो. त्यावर उपाय एकच. प्रत्येक खेपेला एक नळी गोचिडाशिवाय, बाकी सर्व तेच घालून चालवायची आणि त्यात जे उगवेल ते संशयित धरायचे. असा कोरा नमुना न दाखवणारा निकाल कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवावा.

जनुके आणि नाव

कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोमच्या आरएनएवरून जीवसृष्टीची वंशावळ मांडली, तेव्हापासून जिवाणूंच्या ओळखीसाठी याच आरएनएचे १६एस हे जनुक प्रमाण मानले जाते. सुमारे १,५०० अक्षरांच्या या जनुकात सर्व जिवाणूंत जवळजवळ सारखे राहणारे भाग आहेत आणि त्यांच्या मध्ये गटागटांत बदलणारे नऊ भाग. सारख्या भागांवर प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, बसवायचे आणि मधला बदलता भाग वाचायचा, अशी ही युक्ती. कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये सुचवलेल्या पीसीआरमध्ये डीएनए सुमारे ९५ अंश सेल्सियसला तापवून त्याचे धागे सुटे करतात, तापमान उतरवून प्रायमर चिकटू देतात आणि ७२ अंशांच्या आसपास नवा धागा विणून घेतात. दर फेरीला प्रती दुप्पट होतात. सिद्धांततः ३० फेऱ्यांत एका प्रतीच्या १०० कोटींहून अधिक होतात. त्या वाचून मिळालेला अनुक्रम जेनबँकसारख्या सार्वजनिक संग्रहाशी ताडून पाहतात.

इथे उतावीळपणा नडतो. १६एसवरून वंश बहुधा कळतो, जात नेहमी कळत नाही. रिकेट्सियाच्या जातींत तर हे जनुक इतके सारखे आहे की त्यावरून रोगकारक आणि निरुपद्रवी यांत भेद करणे शक्य होत नाही. म्हणून रिकेट्सियासाठी जीएलटीए, ओएमपीए, ओएमपीबी ही जनुके वाचतात. गोचिडातल्या इतर जिवाणूंपैकी ॲनाप्लाझ्मा आणि एर्लिखियासाठी ग्रोईएल, बोरेलियासाठी शेपटीच्या प्रथिनाचे फ्लॅबी. एकाच जनुकाच्या तीन-चारशे अक्षरांवर नवी जात जाहीर करण्याचा मोह अनेकांना होतो. नव्या जिवाणूला रीतसर नाव द्यायचे तर तो वाढवून दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. केवळ डीएनएवरून ओळखलेल्याला ‘कॅन्डिडॅटस’, म्हणजे उमेदवार, एवढीच तात्पुरती पदवी मिळते.

गोचिडाची स्वतःची जातही याच वेळी निश्चित करतात. प्रौढ गोचीड तज्ज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते, निम्फच्या बाबतीत मात्र तंटे होतात. तेव्हा मायटोकॉन्ड्रियातले सीओआय जनुक निकाल देते. निम्फ लहान असल्याने दहा-दहा एकत्र करून तपासतात. अशा गठ्ठ्यात जिवाणू सापडला तर निदान एक गोचीड बाधित आहे एवढेच म्हणता येते, दहाही नव्हेत.

सापडलेला प्रत्येक जिवाणू रोगकारक नसतो

गोचिडातला सर्व डीएनए एकदम वाचला तर बरेचदा बहुतांश अनुक्रम एकाच जिवाणूचे निघतात, आणि तो रोगाचा नसतो. गोचीड जन्मभर रक्ताशिवाय काही खात नाही आणि रक्तात ब जीवनसत्त्वे फार कमी. ती उणीव त्याच्या अंडाशयात आणि उत्सर्जक नलिकांत राहणारे सहजीवी जिवाणू भरून काढतात. आईकडून अंड्यातून ते पुढच्या पिढीला मिळतात. कॉक्सिएलासदृश सहजीवी हे त्यातले सर्वांत परिचित. काही जातींत त्यांची जागा फ्रान्सिसेला या जिवाणूचे नातेवाईक घेतात.

घोटाळा होतो तो इथे. क्यू ताप आणणारा कॉक्सिएला बर्नेटी आणि हा सहजीवी एकमेकांचे जवळचे नातलग आहेत. क्यू तापाच्या तपासणीत आयएस११११ नावाचा डीएनएचा तुकडा शोधतात, आणि तोच तुकडा काही सहजीवींतही असतो. त्या एका चाचणीवर ‘रानातल्या गोचिडांत क्यू तापाचा जिवाणू’ असा मथळा छापला जाऊ शकतो. शिवाय खुद्द क्यू ताप माणसाला बहुतेक वेळा गोचिडाच्या चाव्याने होत नाही. व्यालेल्या शेळी-मेंढीच्या वारेतून आणि गोठ्याच्या धुळीतून श्वासावाटे होतो.

पुराव्याच्या पायऱ्या म्हणूनच वेगळ्या ठेवाव्या लागतात. डीएनए सापडला म्हणजे जिवाणू जिवंत होता असे नाही. जिवंत होता म्हणजे गोचीड तो पुढच्या प्राण्याला देते असेही नाही. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी १८९३ मध्ये टेक्सासच्या गुरांचा ताप गोचिडातून पसरतो हे दाखवले, हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ मध्ये रॉकी पर्वतातल्या ठिपक्यांच्या तापाचे तेच दाखवले, ते बाधित गोचिडे निरोगी जनावरांवर सोडून. जनुकीय पद्धतीने शोध सोपा झाला, पण ती कसोटी रद्द झालेली नाही.

परवानगी आणि पुढचा उपयोग

अभयारण्यात नमुने घ्यायचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, मग तो प्राणी गोचीड का असेना. खवलेमांजरासारख्या संरक्षित प्राण्याला केवळ गोचिडासाठी पकडता येत नाही. वाहनाखाली मेलेला किंवा सोडवून आणलेला प्राणी हाती आला तरच वनखात्यामार्फत नमुना मिळतो. जैवविविधता कायदा २००२ चा असून परदेशी संस्थेचा सहभाग असला की त्याच्या अटीही लागू होतात.

रुग्णाच्या दृष्टीने या सर्व खटाटोपाचा उपयोग स्थानिक यादी तयार होण्यात आहे. भारतात ठिपक्यांच्या तापाचा रिकेट्सिया कोनोरी हा जिवाणू, त्यातही इंडिका हा त्याचा उपप्रकार, जुना माहितीतला; कुत्र्यांत एर्लिखिया कॅनिस इतका नेहमीचा की पाळणारे सरळ ‘टिक फीवर’ म्हणतात. गोव्यात आढळणारा स्क्रब टायफस मात्र गोचिडाचा नव्हे, बारीक माइटच्या डिंभाचा. त्याचा जिवाणू ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. रक्तातली प्रतिपिंडे पाहणारी जुनी वाइल-फेलिक्स चाचणी या गटांत जेमतेम भेद करते. पीसीआर नेमके सांगते, पण रक्तात हे जिवाणू थोडे आणि थोडेच दिवस असतात. चाव्याच्या जागी काळी खपली धरली असेल तर तिच्यातून घेतलेला नमुना रक्तापेक्षा अधिक भरवशाचा असतो. तो औषध सुरू होण्यापूर्वी घेतलेला बरा; मात्र अहवालासाठी डॉक्सिसायक्लिन अडवून ठेवत नाहीत.