‘गुन्हेगार सुधारतच नाही’ हे आलं कुठून?

‘तुरुंगात कितीही शिकवा, गुन्हेगार सुधारत नाही’ असं अभ्यासाचा हवाला देऊन ठोकून दिलं जातं. हवाला बहुधा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सन यांच्या १९७४ च्या लेखाचा. २३१ अभ्यास तपासून त्यांनी जवळपास हात टेकले होते. पण १९७९ मध्ये त्यांनीच ते मत मागे घेतलं. हे मात्र कुणी सांगत नाही!

२००५ मध्ये ५८ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारे उपचार घेतलेल्यांत पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण सुमारे पाव हिश्शाने कमी दिसलं. या उपचारांत, उदाहरणार्थ, रांगेत धक्का लागला, तर हात उचलण्याआधीचा ‘यानं मुद्दाम मारला’ हा विचार पकडायचा आणि वेगळं उत्तर गटात पुन्हा पुन्हा वठवून घोटायचं. नुसत्या धाकाने हे होत नाही.