घरगुती घातक पदार्थ : हाताळणी व विल्हेवाट (सोलापूर)

घरात वापरली जाणारी जी उत्पादने विषारी, ज्वालाग्राही किंवा कातडी भाजणारी असतात, ती या सदरात येतात: फरशीचे ॲसिड, ब्लीचिंग पावडर, रॉकेल, टर्पेंटाइन, उंदरांची औषधे, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेल्या गोळ्या, वापरलेल्या सुया. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओल्या व सुक्या कचऱ्यापासून घरगुती घातक कचरा वेगळा काढायला सांगितले.

सोलापुरात हा विषय पाण्याशी जोडलेला आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येते, म्हणून घरोघरी पिंपे भरून ठेवावी लागतात. रसायनाचे रिकामे निळे पिंप त्यासाठी वापरणे धोक्याचे आहे. आधी आत काय होते हे कळत नाही, आणि काही रसायने प्लास्टिकमध्ये मुरतात. कितीही घासले तरी ते पिंप पिण्याच्या पाण्याला चालत नाही.

याच्या उलट चूक अधिक घातक. सुटे ॲसिड किंवा रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवले जाते. मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या उन्हातून आलेले पोर बाटली पाहून थेट तोंडाला लावते. मूळ बाटली, मूळ लेबल आणि उंचावरचे कुलूपबंद कपाट एवढे पाळले तरी हे अपघात टळतात. असे काही पोटात गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये: रॉकेल फुप्फुसात शिरते, ॲसिड अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. बाटली सोबत घेऊन ‘सिव्हिल’ किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी 108, तर विषबाधेच्या सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधील केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक आहे.

ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. लहान, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

वर्षाची ज्वारी भरून ठेवणाऱ्या घरांत किड्यांसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणल्या जातात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा अतिविषारी वायू निघतो. माणसे झोपतात त्या घरात या गोळ्या कधीही वापरू नयेत. कडक ऊन दाखवलेली ज्वारी आणि घट्ट झाकणाची कोठी हाच घरचा उपाय.

कचरा टाकताना तो उचलणाऱ्या हातांचा विचार आधी करावा. फुटलेली ट्यूब झाडूने लोटू नये. खिडक्या उघडून, जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून बंद डब्यात ठेवावेत, कारण तिच्यात पारा असतो. औषधे मोरीत ओतू नयेत. कीटकनाशकाचे डबे परसात जाळू नयेत, भंगारातही देऊ नयेत. 2016 च्या नियमांनुसार महापालिकेने दर 20 चौ. किमी क्षेत्रासाठी या कचऱ्याचे एक संकलन केंद्र उभारायचे होते. एवढ्या क्षेत्राला एकच केंद्र म्हणजे अंतर फार पडते. सेलच्या चार कांड्यांसाठी इतके लांब कोण जाईल? घंटागाडीलाच वेगळा डबा असणे जास्त उपयोगाचे. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून टोपण घट्ट लावावे. या शहरात मराठीबरोबरच तेलुगू आणि कन्नडही बोलली जाते, आणि कचरा वेचणाऱ्या अनेकींना अक्षरओळख नसते. म्हणून बाटलीवर नुसते ‘सुया’ न लिहिता सुईचे चित्र काढावे.