छोट्या विमानाने बायबल कॅम्पला जाताना : अलास्कातल्या उन्हाळी सेवेबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नाताळ आणि नववर्षाच्या उपासना आटोपल्या की आमच्या ऑफिसात एका ठरावीक प्रश्नाचे फोन सुरू होतात. "मुलगी अमेरिकेत शिकतेय. उन्हाळ्यात अलास्कात कुठल्याशा बायबल कॅम्पला सेवेसाठी जायचं म्हणतेय. तिथं म्हणे रस्ताच नाही, छोट्या विमानाने नेतात. खरं का हो?"

खरं आहे. बायबल कॅम्प म्हणजे उन्हाळ्यात मुलांसाठी भरणारं बायबलच्या शिकवणीचं निवासी शिबिर. आमचं अहिल्यानगरचं चार माणसांचं दुकान, विमानाची तिकिटं आणि व्हिसाचे कागद करणारं. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, दोघा-तिघांची अशी कामं एकदा केली आणि मग एकाचं ऐकून दुसरा यायला लागला. प्रत्येकाला तेच सांगून घसा बसायची वेळ आली, म्हणून हे पत्रक काढलं. तिकीट काढायच्या आधी वाचा. नंतर वाचून फक्त मनस्ताप होतो.

विमानच का?

अलास्कात साडेपाच महाराष्ट्र मावतील, आणि माणसं २०२० च्या जनगणनेत ७ लाख ३३ हजार. दर दहातल्या आठ वस्त्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. पोर्ट ऑल्सवर्थचंच घ्या. अँकरेज शहराच्या नैऋत्येला, लेक क्लार्क नावाच्या लांबलचक सरोवराच्या काठी वसलेलं जेमतेम दोनशे माणसांचं गाव. अँकरेजहून उडायचं, कुक इनलेटची खाडी ओलांडायची, मग लेक क्लार्क पास या खिंडीतून, दोन्ही बाजूंच्या हिमनद्या बघत, तासाभरात खडीच्या धावपट्टीवर उतरायचं. किराणा, औषधं, टपाल, शाळेचे मास्तर, सगळं याच वाटेने येतं. आपल्याकडे खेड्यात एसटी करते ते काम तिथं सहा आसनी सेसना करते.

कॅम्पची कल्पनाही या भूगोलातूनच आली. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाचे मिशनरी १८८५ साली कुस्कोक्विम नदीकाठी बेथेलला पोहोचले तेव्हा प्रवास बोटीने आणि कुत्र्यांच्या घसरगाडीने व्हायचा. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या वैमानिकांनी १९४५ साली जी संस्था काढली ती आज मिशन एव्हिएशन फेलोशिप म्हणून ओळखली जाते. सुवार्ताकार्य आणि छोटं विमान ही जोडी त्या काळात जमली. दहा-वीस घरांच्या गावात शब्बाथशाळेला, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेला, चार मुलं मिळायची मारामार. मग आसपासच्या गावांतली मुलं विमानाने, बोटीने एका जागी आणायची, आठवडाभर एकत्र ठेवायची, वयोगटाप्रमाणे पुढचा आठवडा पुढच्या मुलांचा. सरोवरांवरचा बर्फ फुटला की जूनमध्ये सुरुवात, ऑगस्टच्या मध्याला शेवट.

आपल्या नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं. तिकडून इकडे येणाऱ्यांच्या गोष्टी आपण आजी-आजोबांकडून ऐकल्या. आता उलट्या दिशेची पाकिटं आमच्या टेबलावर पडतात याची गंमत वाटते.

सेवा म्हणजे काय करायचं

आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर मे महिन्यातलं व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) असतं: गाणी, कृतिगीतं, बायबलच्या गोष्टी. तिथं तेही आहे, पण नव्या माणसाच्या वाट्याला पहिल्यांदा काय येतं ते सांगतो. सत्तर-ऐंशी ताटं दिवसातून तीनदा विसळणं. लाकडं फोडणं, वाहणं. संडास साफ करणं. आणि विमानाचा आवाज आला की हातातलं टाकून धावपट्टीकडे पळणं, कारण उतरवायचं सामान कुणीतरी उतरवायलाच हवं. केबिनमध्ये मुलांसोबत राहणाऱ्या कौन्सेलरची जबाबदारी बहुतेकदा दुसऱ्या वर्षी किंवा आधीचा अनुभव असेल तर मिळते.

पगार नाही. राहणं-जेवण कॅम्पचं, येण्याजाण्याचा खर्च तुमचा. छोट्या विमानाचं भाडं काही कॅम्प देतात, काही देत नाहीत. हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारा, लाजू नका. "सेवेला जातोय आणि पैशाचं कसं विचारायचं" असं म्हणत गप्प राहिलेल्या एका मुलाला अँकरेजला पोहोचल्यावर कळलं की परतीची फेरीही त्याच्याच खिशातून आहे.

मुलांमध्ये काम करायचं म्हणजे पार्श्वभूमी तपासणी होणार. भारतातून जाणाऱ्यांनी पासपोर्ट सेवा केंद्रातून पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्सचा दाखला, आधीच काढून ठेवावा. पाळकसाहेबांचं शिफारसपत्र लागतं आणि तेही "हा चांगला मुलगा आहे" एवढ्या एका ओळीचं नको. किती वर्षं ओळखतो, मुलांमध्ये काय काम केलंय, हे असावं. एका मोठ्याने एका मुलासोबत एकट्याने खोलीत थांबायचं नाही, असा नियम तिथं काटेकोर पाळतात. आपल्याकडे दादा-ताई म्हणून मुलांना मांडीवर घेणं सहज चालतं. तिथं चालत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कॅम्पच्या अर्जात असेलच असं नाही. तिथली बरीच मुलं देनाइना, यूपिक, इनुपियाक अशा मूळ रहिवासी समाजांतली असतात. 'एस्किमो' हा आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला शब्द तोंडात आणू नका. अनेकांना तो अपमानाचा वाटतो. त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या अनेकांना घरापासून तोडून वसतिशाळांत घातलं गेलं, भाषा बोलली म्हणून शिक्षा झाल्या, आणि त्यांतल्या काही शाळा चर्चने चालवलेल्या होत्या. म्हणजे एखादी आजी नातवाला विमानात बसवताना तुमच्याकडे जरा निरखून बघत असेल, तर त्याला कारण आहे. बोलण्यापेक्षा ऐकण्यावर भर ठेवा.

व्हिसा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. "टुरिस्ट व्हिसा आहे ना, मग जाऊन सेवा करायची, कोण विचारतंय?" असं सांगणारे आमच्याच धंद्यात आहेत. आम्ही ते करत नाही. विमानतळावरचा अधिकारी विचारतो, आणि खोटं सापडलं तर नंतरचे सगळे व्हिसा अडतात.

भारतातून जाणाऱ्यांसाठी बी-१ व्हिसात स्वयंसेवेच्या कार्यक्रमांची सोय आहे. त्याच्या अटी साध्या पण पक्क्या आहेत. तुम्ही मान्यताप्राप्त धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेचे सभासद असायला हवं आणि तिच्याशी तुमची बांधिलकी हवी, म्हणून मंडळीचा सभासदत्वाचा दाखला महत्त्वाचा. काम धार्मिक किंवा धर्मादाय हेतूचं हवं. अमेरिकेतून पगार नको. राहण्या-जेवणाचा खर्च आणि किरकोळ भत्ता चालतो. कॅम्पच्या पत्रात तुमचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, भारतातला कायमचा पत्ता, अमेरिकेत पहिल्यांदा कुठे जाणार तिथला पत्ता आणि किती दिवस, एवढं सगळं असायला हवं. "प्रिय भगिनी, तुझ्या येण्याने आम्हाला आनंद होईल" असं प्रेमळ पत्र येतं. प्रेम असू द्या, पण वरचे तपशील नसतील तर आम्ही ते परत पाठवून नवीन मागवतो. मुलाखतीत अधिकाऱ्याला कॅम्प कुठे आहे ते नकाशावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

जे-१ व्हिसात कॅम्प कौन्सेलर असा वेगळा प्रकार आहे: वय १८ पूर्ण, जास्तीत जास्त चार महिने, आणि मान्यताप्राप्त प्रायोजक संस्थेमार्फतच. तुमच्या बाबतीत कुठला लागू पडेल हे वकिलातीच्या हातात. आम्ही व्हिसाची हमी देत नाही, देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मुलगा-मुलगी आधीच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर तिकडे शिकत असेल तर मामला सोपा असतो. खरोखर विनामोबदला आणि इतरही जिथं विनामोबदलाच करतात अशी सेवा बहुधा अडत नाही, तरी आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या.

वजन खरं सांगा

अर्जात तुमचं वजन विचारतात. ते लग्नाच्या बायोडाटासाठी नाही. छोट्या विमानांतलं नेहमीचं सेसना २०६ हे सगळं धरून साधारण १,६३० किलोच्या आत उडायला हवं. विमान स्वतःच हजार किलोच्या आसपास. जायचं-यायचं आणि राखीव इंधन सव्वाशे-दीडशे किलो. उरले चारशे ऐंशी-पाचशे. त्यात पायलट, तुम्ही चौघं, तुमच्या बॅगा आणि कॅम्पची अंडी-पिठं. म्हणजे प्रत्येकाने संकोचून पाच-पाच किलो कमी सांगितले तर एका पोत्याची चूक होते, आणि धावपट्टी खडीची, आखूड असते.

म्हणून तिथं तुम्हाला बॅगेसकट काट्यावर उभं करतात. मग पायलट ठरवतो कोण पुढे, कोण मागे. भाऊ-बहीण शेजारी बसणार की नाही हा प्रश्न नसतो. आमच्या एका ग्राहक ताईंना मांडीवर अंड्यांचा ट्रे धरून जावं लागलं. एकही फुटलं नाही, हे त्या अजून सांगतात.

चाकांची कडक सूटकेस नको, ती शेपटीकडच्या अरुंद जागेत बसत नाही. कापडी डफल बॅग घ्या. मर्यादा बऱ्याच ठिकाणी ५० पौंड, म्हणजे साधारण २२-२३ किलो असते, काही ठिकाणी त्याहून कमी. अस्वलांसाठीचा मिरची-फवारा मोठ्या विमान कंपन्या कुठल्याच सामानात घेत नाहीत, आणि छोट्या विमानात तो गुपचूप बॅगेत ठेवणं तर फारच वाईट: आत फुटला तर पायलटचेच डोळे जातात. कॅम्पवर तो असतो, विचारा.

हवा, आणि वाट बघणं

ही विमानं बहुतेक पायलटला डोळ्यांनी समोरचं दिसतंय यावरच उडतात. खिंडीत ढग खाली आले की उड्डाण नाही. पायलट हवामान खात्याचं ऐकतो, खिंडीतल्या कॅमेऱ्याचं चित्र बघतो, आणि "आज नाही" म्हणतो. त्याच्याशी वाद घालायचा नसतो, आणि "जरा बघा ना, जमतंय का" हे तर मुळीच म्हणायचं नसतं. लेक क्लार्कजवळ रिडाउट नावाचा ज्वालामुखी आहे. डिसेंबर १९८९ मध्ये त्याच्या राखेत शिरलेल्या जंबो जेटची चारही इंजिनं बंद पडली होती. ती पुन्हा सुरू होऊन विमान अँकरेजला सुखरूप उतरलं. तिथं हवेशी कुणी पैज लावत नाही ते उगाच नाही.

इथं आमची एक चूक कबूल करतो. पहिल्याच वर्षी आम्ही एका मुलाचं अँकरेज-सिॲटल तिकीट कॅम्प संपल्याच्या दिवशी रात्रीचं काढलं. नकाशावर तासाभराचं अंतर, हातात आठ तास, वाटलं, भरपूर. दोन दिवस धुकं हटलं नाही. सिॲटलचं विमान गेलं, पुढचं मुंबईचंही गेलं, आणि पोरगा कॅम्पच्या स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलत राहिला. त्याच्या आईचे फोन आम्ही घेतले. तेव्हापासून जाताना एक आणि येताना निदान दोन मोकळे दिवस ठेवल्याशिवाय आम्ही तिकीट काढतच नाही. "अँकरेजच्या हॉटेलचे पैसे फुकट जातील" असं म्हणणाऱ्यांना आम्ही दुसरीकडे जायला सांगतो.

"एकाच इंजिनचं विमान, धोका नाही ना?" हा आयांचा प्रश्न. धोका आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० साली सांगितलं की अलास्कात विमान अपघातांचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. कॅम्प कुणाच्या विमानाने नेतं, परवानाधारक एअर टॅक्सी की कॅम्पचं स्वतःचं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विमा घेताना त्यात रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च आहे का ते बघा. तिथं हात मोडला तरी रुग्णवाहिका म्हणजे विमानच. स्वस्तातली पॉलिसी आम्ही दाखवू, पण हे कलम नसेल तर घेऊ नका म्हणूही.

थोडं सामानाबद्दल

जूनमध्ये अँकरेजला एकोणीस तासांहून जास्त उजेड असतो, डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. डास आपल्या डासांच्या दुप्पट चिवट. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत, लोकरीचे मोजे घ्या. शेंगदाण्याची चटणी, लसूण चटणी चालते, पण विमानतळावर खाण्याचे पदार्थ जाहीर करा. ताजी फळं, मांस, बी-बियाणं नको. शाकाहारी असाल तर आधी कळवा, कारण ताजी भाजीही विमानानेच येते आणि महाग पडते. साल्मन मासा मात्र भरपूर.

मोबाईलला रेंज नसते असं धरून चाला. तिथं सकाळचे आठ वाजतात तेव्हा इथं रात्रीचे साडेनऊ. घरच्यांनी आठवड्यातला एक दिवस ठरवून घ्यावा आणि विमान पोहोचल्याचा निरोप उशिरा आला तर आधी आम्हाला फोन करावा. कॅम्पचा अँकरेजमधल्या माणसाचा नंबर आम्ही प्रत्येक फाइलवर लिहून ठेवतो.

कॅम्पकडून आम्हाला कमिशन नाही. छोट्या विमानाचं बुकिंगही कॅम्पच करतं. आम्ही घेतो ते तिकीट आणि कागदांचे पैसे. दर भिंतीवर लावले आहेत. येताना पासपोर्ट, मंडळीचा दाखला आणि कॅम्पचा आलेला ईमेल आणा, आणि जी बॅग नेणार ती भरून आणा. काटा दाराशीच ठेवला आहे. बूट काढायची गरज नाही, तिकडे पायलटही बुटांसकटच मोजतो.