साडेपंचेचाळीस अंश म्हणजे ४५.३० नव्हे

मोटरहोम घेऊन फिरणारा माझा एक मित्र रात्रीच्या मुक्कामाच्या जागेऐवजी कुठल्याशा शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिला आणि तिथून मला फोन करून म्हणाला, "अरे, इथे नेट फार स्लो आहे ना, म्हणून जीपीएस गंडलंय." हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो.

जीपीएसला नेट लागत नाही. नकाशा डाउनलोड करायला लागतं, ते वेगळं.

त्याच्याकडच्या पुस्तिकेत अक्षांश छापला होता ४५° ३०′ आणि याने टाइप केलं ४५.३०, एवढीच भानगड. अंशाचीही तासासारखी साठ मिनिटं असतात आणि मिनिटाचे साठ सेकंद, त्यामुळे साडेपंचेचाळीस अंश म्हणजे ४५.५, सव्वापंचेचाळीस म्हणजे ४५.२५. ४५.३० चे होतात ४५ अंश १८ मिनिटं. १२ मिनिटं कमी, अक्षांशाचं एक मिनिट जमिनीवर साधारण १.८५ किलोमीटर, म्हणजे स्वारी बावीस किलोमीटर दक्षिणेला! तिसरी पद्धत तर आणखी फसवी, तिच्यात अंश आणि दशांश मिनिटं असतात. ३०.५० मिनिटं म्हणजे ३० मिनिटं ३० सेकंद, पण लोक ३० मिनिटं ५० सेकंद वाचतात आणि सहाशे मीटर सरकतात. मोठी गाडी असेल तर तेवढ्यात नदीच्या पलीकडे. बाकी अक्षांश आधी, रेखांश नंतर, आणि दक्षिण किंवा पश्चिमेला उणे चिन्ह, हे शाळेतलंच.

आता माझा आवडता भाग. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सारखे ओरडत असतात, की मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. तुम्ही कुठे आहात हे त्यांना ठाऊकही नसतं, फोन नुसता ऐकतो. सिग्नल यायला किती वेळ लागला त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर मिळतं. डोक्यावरच्या उपग्रहाकडून यायला ०.०६७ सेकंद. गोची अशी की उपग्रहात अणुघड्याळ आणि फोनमध्ये साधं क्वार्ट्झ, आणि सेकंदाचा हजारावा भाग चुकला की अंतर ३०० किलोमीटरने चुकणार. मग करायचं काय? तीन उपग्रहांभोवती त्या त्या अंतराचे गोल काढले तर ते कुठेतरी छेदतात, पण घड्याळ चुकलेलं असल्यामुळे चुकीच्या जागी, आणि चौथ्या उपग्रहाचा गोल त्या बिंदूतून जातच नाही. चोरी पकडली! चूक फोनच्या घड्याळाची, म्हणून चारही अंतरं सारखीच चुकलेली, तर फोन गणिताने आपलं घड्याळ इतकं मागेपुढे करतो की चारही गोल एका बिंदूत भेटतील. तो बिंदू म्हणजे तुम्ही, आणि वर जवळजवळ अणुघड्याळाच्या तोडीची वेळ फुकट. चार अज्ञात (जागेचे तीन आकडे आणि घड्याळाची चूक), चार समीकरणं. शिवाय सापेक्षतावादामुळे वरचं घड्याळ रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं, म्हणून सोडण्याआधीच ते किंचित मंद जुळवलेलं असतं. (आकाशातल्या गोष्टींचा आपल्या वाटचालीवर होणारा परिणाम म्हणतात तो हा. शनीचा यात काही हात नाही.)

जाहिरातबाजीचंही एक सांगतो. काही ॲप दशांशानंतर आठ आकडे दाखवून अचूकतेचा आव आणतात. आठवा आकडा म्हणजे जमिनीवर एक मिलिमीटर. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूकच पाचेक मीटर असते, पाच आकडे पुरे. रेखांशाचा अंश ध्रुवांकडे जाताना आखडत जातो, ६० अंश अक्षांशावर निम्माच उरतो, पण मुक्काम शोधायला त्याने काही अडत नाही.

मित्राला मी ४५.५ टाकायला सांगितलं. निघाला, आणि वाटेत एका बुटक्या पुलापुढे अडकला, कारण ॲपमध्ये वाहन म्हणून अजून कारच निवडलेली होती आणि गाडीची उंची काही उपग्रहाला दिसत नाही. परत फोन. यावेळी म्हणाला, "सॅटेलाइटच बिघडलाय रे."