ॲरिझोनाच्या धुराड्यातला बॉम्ब

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरमध्ये अमेरिकेची 'ॲरिझोना' ही युद्धनौका बुडाली. जपानी बॉम्ब नेमका तिच्या धुराड्यात शिरला आणि बॉयलर फुटून जहाज उडालं, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. सुरुवातीच्या अहवालांतही तसंच लिहिलेलं होतं. पण ते खरं नाही.

नंतर धुराड्याची तपासणी झाली, तेव्हा त्याच्या तोंडावरची जाळी शाबूत होती. बॉम्ब तिथून आत गेला असता, तर ती उरलीच नसती. शिवाय धुराडं आणि बॉयलर जहाजाच्या मध्यभागी, आणि चिंधड्या उडाल्या त्या पुढच्या भागाच्या. सगळ्यात मोठा पुरावा मला हाच वाटतो.

प्रत्यक्षात सुमारे ३,००० मीटर उंचीवरून आलेला ८०० किलोचा बॉम्ब पुढच्या दुसऱ्या तोफमनोऱ्याजवळ पडला. मोठ्या नौदल तोफेच्या गोळ्यापासून बनवलेला हा चिलखतभेदी बॉम्ब डेक फोडून खोल गेला आणि तोफांच्या दारूचं कोठार पेटलं. कोठारातली आग आणि वायू वाट मिळेल तिकडे धावले. त्यातला काही भाग धुराड्यातून बाहेर पडला असावा, आणि लांबून पाहणाऱ्यांना बॉम्ब तिथेच पडल्यासारखं वाटलं असावं.

त्या जहाजावरचे १,१७७ जण गेले. त्यांच्या मृत्यूचं कारण तरी नीट सांगितलं जायला हवं. ते कारण म्हणजे दारूच्या कोठारापर्यंत पोहोचलेला तो एक बॉम्ब.