दुरुस्तीची सोय ठेवून घडवलेली उपकरणे : जुन्या इलेक्ट्रॉनिक मापनयंत्रांच्या छंदाची पार्श्वभूमी

साठ वर्षांपूर्वीचा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारे यंत्र, बंद पडला तर तो बहुतेक वेळा पुन्हा चालू करता येतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा बंद पडला तर मात्र त्याची खात्री देता येत नाही. जुनी मापनयंत्रे जमवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या मंडळींना हा उलटा न्याय रोजच्या अनुभवातून ठाऊक असतो. जुन्या वस्तूंविषयीची ओढ हे या छंदाचे कारण म्हणून नेहमी सांगितले जाते आणि ते खोटेही नाही, पण जुने कॅमेरे किंवा घड्याळे जमवण्यापेक्षा हा छंद वेगळा आहे तो आणखी एका कारणाने. ही उपकरणे घडवणाऱ्या कंपन्यांनीच त्यांची दुरुस्ती गृहीत धरली होती. आतले भाग हाताला लागतील अशी मांडणी, संपूर्ण सर्किट डायग्राम आणि प्रत्येक बिंदूवर किती व्होल्टेज असावे हे सांगणारे मॅन्युअल हा विकल्या जाणाऱ्या मालाचाच भाग होता. ही प्रथा कशी पडली आणि पुढे कशी मोडली, यातच या छंदाचा इतिहास आहे.

सुरुवात काट्याच्या मीटरपासून होते. एडवर्ड वेस्टन यांनी १८८८ मध्ये स्वतःची उपकरण कंपनी काढली आणि कायम चुंबकाच्या क्षेत्रात फिरणाऱ्या वेटोळ्याचा, म्हणजे मूव्हिंग कॉइल, मीटर कारखान्यातून बाहेर पडणारी विश्वासू वस्तू बनवला. तापमान बदलले तरी रोध जवळजवळ न बदलणारा मँगॅनिन हा मिश्रधातू त्यांचाच, आणि १.०१८ व्होल्टच्या आसपास स्थिर राहणारा जो वेस्टन सेल पुढे व्होल्टचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरला, तोही त्यांचाच. मोजणाऱ्या यंत्रालाही कशाशी तरी ताडून पाहावे लागते, ही कॅलिब्रेशनची शिस्त या काळात व्यवहारात रुजली.

ब्रिटनच्या टपाल खात्यातले अभियंते डोनाल्ड मॅकॅडी यांना टेलिफोनच्या कामासाठी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजणारी वेगवेगळी उपकरणे बरोबर वागवावी लागत. त्यांनी ती एकाच पेटीत बसवली, आणि तिन्ही एककांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेला ॲव्हो मीटर १९२३ मध्ये बाजारात आला. सुरुवातीला तो फक्त डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, मोजत असे. याच घराण्यातले १९५१ चे ‘मॉडेल ८’ इतके टिकले की त्याच्या सुधारित आवृत्त्यांचे उत्पादन २००८ पर्यंत चालू होते. या मीटरचा डीसीवरचा रोध व्होल्टमागे २०,००० ओहम आहे. म्हणजे १० व्होल्टच्या पट्ट्यावर तो सर्किटला २ लाख ओहमचा भार लावतो, तर आजचा साधा डिजिटल मीटर सुमारे १ कोटी ओहमचा, म्हणजे कितीतरी हलका. या फरकाचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. जुन्या मॅन्युअलमधले व्होल्टेजचे आकडे पुष्कळदा २०,००० ओहमच्या मीटरने घेतलेले असतात आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. ती ओळ न वाचता डिजिटल मीटर लावला की काही ठिकाणी आकडा जास्त येतो, आणि नवखा माणूस धडधाकट सर्किटमध्ये बिघाड शोधत बसतो. जुने उपकरण दुरुस्त करायला जुना मीटर जवळ ठेवतात तो केवळ हौसेपोटी नाही.

रेडिओ आणि टेलिफोनच्या वाढीबरोबर निव्वळ व्होल्ट-अँपिअर मोजून भागेना. ज्ञात वारंवारितेचा स्वच्छ सिग्नल तयार करणारी यंत्रे हवी होती. मॅसॅच्युसेट्समधली जनरल रेडिओ ही कंपनी १९१५ पासून या क्षेत्रात होती, आणि तिचे ब्रिज (तुलना करून मोजणारी उपकरणे) व प्रमाण-रोध आजही संग्राहकांत मानाचे आहेत. पण सर्वांत जास्त सांगितली जाते ती विल्यम ह्युलेट यांच्या ऑसिलेटरची, म्हणजे असा सिग्नल तयार करणाऱ्या यंत्राची, गोष्ट. स्टॅनफर्डमधल्या शिक्षणाच्या काळात त्यांनी वीन ब्रिज या रेझिस्टर-कॅपॅसिटरच्या जुळणीवर आधारलेला ऑसिलेटर तयार केला. अशा सर्किटमध्ये प्रवर्धन (सिग्नल मोठा करणे) थोडे जास्त झाले की तरंग कापले जातात आणि थोडे कमी झाले की दोलन विझते. ह्युलेट यांनी त्यात एक छोटा तारेचा दिवा बसवला. सिग्नल वाढला की तार तापते, तापली की तिचा रोध वाढतो, रोध वाढला की प्रवर्धन आपोआप उतरते. काही पैशांच्या दिव्याने एक अवघड प्रश्न सुटला. १९३९ मध्ये डेव्हिड पॅकार्ड यांच्याबरोबर भागीदारीत सुरू झालेल्या कंपनीचे हे पहिले उत्पादन. कंपनी अगदीच नवखी वाटू नये म्हणून त्याला ‘२००ए’ असा भारदस्त क्रमांक देण्यात आला, आणि वॉल्ट डिस्नीच्या स्टुडिओने त्याच्या पुढच्या ‘२००बी’ आवृत्तीचे ८ नग घेतले. ‘२००’ मालिकेतले यंत्र उघडून तो दिवा पाहणे हा आजही या छंदातला एक आनंद आहे. अनेक दशकांनंतरही तो सहसा शाबूत असतो, कारण या सर्किटमध्ये त्याची तार पुरती उजळतच नाही.

ऑसिलोस्कोपचे मूळ १८९७ मधल्या कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्या कॅथोड किरण नलिकेत आहे. तरीही दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते सिग्नलचा आकार दाखवणारे, पण मोजमापाला फारसे उपयोगी न पडणारे यंत्र राहिले. किरण डावीकडून उजवीकडे सतत फिरत राही आणि त्याचा वेग सिग्नलशी जुळवून घेत बसावे लागे. एकदाच येऊन जाणारा स्पंद हाती लागणे कठीण होते. रडारच्या कामाने हे चालेनासे केले. युद्धकाळात रडारवर काम केलेले हॉवर्ड व्हॉलम यांनी जॅक मर्डॉक आणि इतर सहकाऱ्यांसह १९४६ मध्ये ओरेगनमध्ये टेक्ट्रॉनिक्स कंपनी स्थापन केली, आणि १९४७ मध्ये तिचा ‘५११’ हा ऑसिलोस्कोप ७९५ डॉलरला विक्रीस आला. त्यात किरण सिग्नल येईपर्यंत थांबून राही आणि सिग्नलनेच तो सुटे. यालाच ट्रिगर म्हणतात. शिवाय दोन्ही अक्ष मोजमापाचे होते, त्यामुळे पडद्यावरच्या चौकटी मोजून वेळ आणि व्होल्टेज सांगता येऊ लागले. चित्र दाखवणारे यंत्र येथे मोजणारे यंत्र झाले.

टेक्ट्रॉनिक्सची ‘५००’ मालिका, विशेषतः १९५० च्या दशकाच्या मध्यातले ‘५३५’ आणि ‘५४५’, यांच्याजवळ थोडे थांबायला हवे, कारण दुरुस्तीची सोय म्हणजे काय हे त्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. बाजूचे पत्रे कुठल्याही विशेष हत्याराशिवाय निघतात. आत व्हॅक्यूम ट्यूबच्या रांगा आणि खाचा असलेल्या पांढऱ्या सिरॅमिक पट्ट्यांवर शिडीच्या पायऱ्यांसारखे बसवलेले रेझिस्टर व कॅपॅसिटर दिसतात. एखादा भाग काढायचा तर शेजारच्याला धक्काही लागत नाही. त्या खाचांना चांदीयुक्त धातूचा पातळ थर असतो. साध्या कथिल-शिशाच्या सोल्डरने तेथे वारंवार काम केले तर ते सोल्डर हा थर हळूहळू आपल्यात विरघळवून घेते आणि एक दिवस सांधा सिरॅमिकपासून सुटून येतो. म्हणून सुमारे ३ टक्के चांदी असलेले सोल्डर वापरायचे असते, आणि ते गिऱ्हाइकाला शोधावे लागू नये म्हणून कंपनीने त्याची छोटी रीळ उपकरणाच्या आतच अडकवून दिलेली असे. भंगारातून आलेल्या यंत्राचा पत्रा काढल्यावर ती रीळ जागेवर दिसली, अर्धी वापरलेली का होईना, की आधीच्या दुरुस्ती करणाऱ्याने नियम पाळला होता एवढे तरी कळते. ही यंत्रे उचलायला दोन माणसे लागतात आणि ती सुमारे ५०० वॅट वीज खातात, हा त्यांचा दोष मात्र झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

मॅन्युअलचीही तीच तऱ्हा. त्यांत सर्किट कसे चालते याचे परिच्छेदवार विवेचन असे, ठिकठिकाणचे तरंग कसे दिसावेत याची चित्रे असत आणि कॅलिब्रेशनच्या पायऱ्या ठरलेल्या क्रमाने दिलेल्या असत. त्या मालिकेतल्या यंत्रांत सर्वप्रथम उणे १५० व्होल्टचा पुरवठा तपासायचा असतो, कारण बाकीचे पुरवठे त्याच्यावरच बेतलेले असतात. तो घसरला तर यंत्रात दहा ठिकाणी दोष दिसतो आणि प्रत्यक्षात तो एकच असतो. ही मॅन्युअले वाचून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांची संख्या मोठी आहे, आणि माझ्या मते पुष्कळ पाठ्यपुस्तकांपेक्षा ती सरस आहेत.

इतकी महागडी यंत्रे सामान्य हौशी माणसाच्या हाती आली ती लाटांनी. पहिली लाट महायुद्ध संपल्यावरची. लष्कराने मोठ्या प्रमाणावर मोडीत काढलेले सुटे भाग स्वस्तात मिळू लागले, आणि हीथकिट कंपनीच्या हॉवर्ड अँथनी यांनी अशाच शिल्लक भागांतून १९४७ मध्ये घरी जोडायच्या ऑसिलोस्कोपचा संच ३९.५० डॉलरला विकायला काढला. त्याची गुणवत्ता ‘५११’ च्या जवळपासही नव्हती, पण ज्याने तो स्वतःच्या हाताने जोडला त्याला तो उघडण्याची भीती उरली नाही. पुढची लाट ट्रान्झिस्टरने आणली. टेक्ट्रॉनिक्सचा १९७२ चा ‘४६५’ एका हाताने उचलता येई आणि १०० मेगाहर्ट्झपर्यंत चाले. तो आल्यावर ट्यूबची धूडे प्रयोगशाळांतून बाहेर पडू लागली. मोजणीही अंकांत दिसू लागली होती. अँड्र्यू के यांच्या नॉन-लिनिअर सिस्टिम्स कंपनीने १९५० च्या दशकाच्या आरंभीच डिजिटल व्होल्टमीटर आणला होता, १९५५ च्या सुमारास बरोझ कंपनीच्या नारिंगी प्रकाशात अंक दाखवणाऱ्या निक्सी ट्यूब आल्या, आणि १९७७ मध्ये फ्लूकचा ‘८०२०ए’ हा हातात मावणारा मीटर आला. शीतयुद्ध ओसरल्यावर संरक्षण क्षेत्रातल्या प्रयोगशाळा आक्रसल्या, त्यानंतर इंटरनेटवरचे लिलाव सुरू झाले, आणि एरवी वितळभट्टीत गेली असती अशी यंत्रे घरोघरच्या टेबलांवर पोहोचली. त्याच सुमारास जुन्या मॅन्युअलची पाने स्कॅन करून ठेवण्याचे काम हौशी लोकांनी मनावर घेतले. त्यांनी ते केले नसते तर ही यंत्रे केवळ शोभेच्या वस्तू राहिली असती.

बिघाडांनाही त्यांचा त्यांचा काळ असतो. ट्यूबच्या काळातले मेण लावलेले कागदी कॅपॅसिटर वर्षानुवर्षे ओल शोषतात आणि डीसी अडवण्याऐवजी थोडे थोडे झिरपू देतात. मग पुढच्या ट्यूबच्या ग्रिडवर, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, नको तो धन दाब (व्होल्टेज) येतो आणि ती तापून निकामी होते. दोष मरणाऱ्या ट्यूबचा वाटतो आणि असतो तिच्या मागच्या कॅपॅसिटरचा. कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरचा रोध वयाबरोबर वाढत जातो. सेलेनियमचे रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारे भाग) जळाले की सडक्या मुळ्यासारखा दर्प खोलीभर पसरतो, आणि तो विषारीही असतो. त्यांच्या जागी सिलिकॉन डायोड बसवता येतात, पण त्यांच्यात व्होल्टेज कमी खर्ची पडत असल्याने पुढचा दाब वाढतो, तेव्हा त्यांच्याशी सिरीजमध्ये एक रेझिस्टर घालावा लागतो. ट्रान्झिस्टरच्या काळातले टँटलम कॅपॅसिटर काही पूर्वसूचना न देता शॉर्ट होतात.

म्हणूनच वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र थेट विजेला जोडायचे नसते. आधी डोळ्यांनी तपासणी, मग मोठ्या कॅपॅसिटरांची मोजणी, आणि त्यानंतर सिरीज बल्ब लावून, म्हणजे यंत्राकडे जाणारी वीज एका बल्बमधून नेऊन, वीज देणे हा जुना क्रम आहे. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जायला हरकत नसते. तो प्रखर जळत राहिला तर आत शॉर्ट आहे आणि ट्रान्सफॉर्मर वाचला असे समजावे. ही युक्ती स्विच-मोड पॉवर सप्लाय असलेल्या नंतरच्या यंत्रांना मात्र लागू पडत नाही, कारण दाब कमी मिळाला की असा सप्लाय उलट जास्त प्रवाह ओढतो आणि बल्ब दिशाभूल करतो. ऑसिलोस्कोपच्या पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात आणि तिच्या काचेत निर्वात असतो, त्यामुळे या कामात घाई अंगाशी येते.

संग्राहकांत एक जुना वाद आहे. काही जण सदोष कॅपॅसिटरचे कवच पोकळ करून त्यात नवा भाग दडवतात, म्हणजे यंत्र आतूनही मूळच्यासारखे दिसते. काही जण आधुनिक भाग उघडपणे लावतात आणि दुरुस्तीची तारीख पत्र्याच्या आत लिहून ठेवतात. मला दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, कारण पुढच्या माणसाला काय बदलले आहे हे कळायला हवे. संग्रहालयात जाणाऱ्या दुर्मीळ नगाचा अपवाद करता येईल.

दुरुस्तीची ही परंपरा मोडली ती एका दिवसात नाही. टेक्ट्रॉनिक्ससारख्या कंपन्या आपल्या यंत्रांसाठी स्वतःच्या चिप तयार करू लागल्या आणि त्यांनी गाठलेला वेग सुट्या भागांतून मिळालाच नसता; पण तीच चिप गेली की तिला बाजारात पर्याय नसतो आणि दुसरे मेलेले यंत्र फोडणे एवढाच मार्ग उरतो. तिचा १९८० च्या दशकातला ‘२४६५’ ऑसिलोस्कोप आणि त्याचे वंशज हे याचे ठळक उदाहरण. त्यांच्या नंतरच्या ‘२४६५बी’ मध्ये पृष्ठभागावर बसवलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर गळतात आणि खालच्या तांब्याच्या रेघा खातात; शिवाय कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर तग धरणाऱ्या मेमरीत असतात. स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे शेकडो ट्रिमर गेले ही सोयच होती, पण बॅटरी संपली की आकडेही पुसले जातात. म्हणून असे यंत्र हाती आले की जाणकार प्रथम त्या मेमरीतला मजकूर वाचून घेतात, त्याची फाइल मॅन्युअलच्या स्कॅनशेजारी ठेवतात, आणि त्यानंतरच सोल्डरिंग गन तापवायला घेतात.