रोज सकाळी फायरवॉल बंद करतंय कोण?

राजेंद्रनगरच्या मावशीचा फोन आला की समजायचं, कॉम्प्युटरचं काम आहे आणि वर जेवण आहे. या वेळी तक्रार अशी होती की लॅपटॉप चालू केला की खालच्या उजव्या कोपऱ्यात रोज तीच पट्टी उगवते, फायरवॉल बंद आहे म्हणून. ती बिचारी बटण दाबून चालू करते, दिवसभर ठीक चालतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बंद. शेजारच्या मुलाने तर बाहेरूनच निकाल देऊन टाकला होता, "आंटी, वायरस है, फॉर्मेट मारना पड़ेगा." मावशीचं स्वतःचं निदान वेगळंच होतं, यंदा दसऱ्याला लॅपटॉपची पूजा राहिली.

पूजा खुशाल करा हो, झेंडूचं फूल ठेवा, फक्त कुंकू कीबोर्डच्या फटीत जाऊ देऊ नका. पण मला विचाराल तर उठसूट फॉर्मेट मारणं ही पण पूजाच झाली. काय बिघडलंय ते न बघता करायचा विधी, अधूनमधून गुण येतो म्हणून लोकांची त्यावर श्रद्धा बसते. तशीच ती 'एका क्लिकमध्ये पीसी तिप्पट फास्ट' वाली फुकट सॉफ्टवेअरं, त्यांच्यातली काही तर स्पीड वाढवतो सांगून फायरवॉलच बंद करायला सुचवतात.

मुळात फायरवॉलमुळे नेट स्लो होतं हा समज का चुकीचा आहे ते सांगतो, कारण हा माझा आवडता भाग आहे, थोडं लांबेल.

आपल्याला वाटतं फायरवॉल म्हणजे भिंत. भिंत असती तर काम सोपं होतं, पण भिंतीतून यूट्यूब कसं येईल? तर ती भिंत कमी आणि टाउनशिपच्या गेटवरचा वहीवाला चौकीदार जास्त. तुम्ही घरातून फोन करून पोहे-जलेबी मागवली, की चौकीदार वहीत लिहितो, अमुक फ्लॅटने अमुक दुकानातून मागवलंय. अर्ध्या तासाने त्या दुकानाचा मुलगा आला की वही बघून आत सोडतो. न मागवता कोणी पिशवी घेऊन आला की बाहेर. या वहीला स्टेट टेबल म्हणतात आणि सगळी गंमत त्या वहीत आहे.

वहीत काय लिहिलेलं असतं? पाच गोष्टी. तुमचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर तुमच्या मशीनचा पत्ता, तुमचा पोर्ट नंबर, समोरच्याचा आयपी पत्ता, त्याचा पोर्ट नंबर, आणि प्रोटोकॉल, म्हणजे बोलायची पद्धत, टीसीपी की यूडीपी. पोर्ट म्हणजे एका पत्त्यावरचे दरवाजे समजा, 0 ते 65535. वेबसाइट साधारण 443 नंबरच्या दारात बसलेली असते, आणि तुमचा ब्राउझर बोलायला निघाला की विंडोज त्याला 49152 ते 65535 मधलं एक तात्पुरतं दार देतं. समजा 51234 मिळालं. मग वहीत नोंद पडते, आतून 51234, बाहेर 443, टीसीपी. उत्तर आलं की ते बरोबर आरशातल्यासारखं उलटं असतं, बाहेरचं 443 आतल्या 51234 ला बोलतंय. जुळलं, आत या. टीसीपीत तर आधी तीनदा हात मिळवायची पद्धत आहे, सिन, सिन-ॲक, ॲक, त्यामुळे बोलणं कधी सुरू झालं आणि कधी संपलं ते चौकीदाराला नीट कळतं. यूडीपीत हात मिळवणं नाही नि निरोप नाही, म्हणून तिथे घड्याळ लावतात, थोडा वेळ कोणी बोललं नाही की नोंद खोडून टाकायची. आता कोणी बाहेरून, न बोलावता, थेट तुमच्या 445 नंबरच्या दारावर सिन घेऊन आला, तर वहीत त्याचं नाव नाही, मग आत येण्याच्या नियमांत बघायचं, तिथेही परवानगी नाही, तर पॅकेट, म्हणजे त्याने आणलेलं डेटाचं पुडकं, टाकून द्यायचं आणि उत्तरसुद्धा द्यायचं नाही.

आणि विंडोज व्हिस्टापासून ही तपासणी ज्या यंत्रणेवर चालते तिचं नाव विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म. तिच्यात एक थर असा आहे जो दर पॅकेटला विचारत बसत नाही, एका कनेक्शनला एकदाच विचारतो, हे कोणतं प्रोग्रॅम बोलतंय, कुणाशी बोलतंय, चालेल का. एकदा हो म्हटलं की पुढची हजारो पॅकेटं त्याच परवानगीवर जातात. त्यामुळे पिक्चर अडकत असेल तर वायफायकडे बघा, चौकीदाराला शिव्या देऊ नका. (इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर वही तेवढी लक्षात ठेवा, बाकी सोडून द्या.)

वही नसली तर काय होतं ते आमच्या पिढीने पाहिलंय. ऑगस्ट 2003, ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवरून आपणहून पसरणारा व्हायरस. तेव्हा मी सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने बसायचो, मेल उघडतोय तोच पडद्यावर डबा यायचा, 60 सेकंदांत कॉम्प्युटर बंद होणार, आणि आकडे उलटे मोजायला सुरुवात. कुणी काही उघडलं नव्हतं, काही डाउनलोड केलं नव्हतं, तो 135 नंबरच्या दारातून स्वतः आला होता. त्यावरचा पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट, जुलैतच आला होता आणि विंडोज एक्सपीत फायरवॉल पण होती, फक्त डीफॉल्टने बंद ठेवलेली. ऑगस्ट 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 ने ती सगळ्यांसाठी चालू केली.

तर मावशीकडे. फायरवॉलला स्वतःला बंद व्हायची हौस नसते, कोणीतरी करतं, आणि संशयित थोडेच असतात. दुसरा अँटीव्हायरस स्वतःची फायरवॉल घेऊन आला की विंडोजवाली मुद्दाम बाजूला होते, ते ठीकच आहे, पण ट्रायल संपलेला आणि अर्धवट काढलेला अँटीव्हायरस मागे तुकडे सोडतो आणि गोंधळ होतो, मग त्या कंपनीचं सफाईचं टूल चालवावं लागतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटीवाल्यांनी वरून पॉलिसी लावलेली असू शकते. बेस फिल्टरिंग इंजिन नावाची सर्व्हिस, म्हणजे विंडोजमध्ये मागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम, बंद पडली असेल तर फायरवॉल चालूच होत नाही, कारण तिचे पाय त्याच्यावर. झीरोॲक्सेस नावाचा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, नेमक्या याच सर्व्हिसेस उडवायचा, म्हणजे शेजारचा मुलगा अगदीच वेडा नव्हता, आधी पूर्ण स्कॅन करणं योग्यच. मी केला, काही निघालं नाही. फायरवॉलची आणि बेस फिल्टरिंगची, दोन्ही सर्व्हिसेस पण ठणठणीत.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. हा विंडोजचा रोजनामचा, पण तिकडे फिरकतंच कोणी नाही. त्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज, मग फायरवॉल असं आत आत जायचं. मावशीच्या विंडोज 10 मध्ये 2003 नंबरच्या (साल नव्हे, नोंदीच्या प्रकाराचा नंबर) नोंदी होत्या, फायरवॉलचं सेटिंग बदललं. प्रत्येक नोंदीत कुणाच्या नावाने बदललं आणि कुठल्या प्रोग्रॅमने बदललं ते लिहिलेलं. प्रोग्रॅम, नेटएसएच. वेळ, रोज लॉगिन केल्यावर काही सेकंदांत. म्हणजे माणूस नाहीच, कोणीतरी वेळापत्रक लावून ठेवलंय. नेटएसएच हे नेटवर्कची सेटिंग्ज बदलायचं विंडोजचंच हत्यार, ते आपणहून उठत नाही, त्याला कोण उठवतं ते शोधायचं.

टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या यादीत, सापडलं. 'प्रिंट' नावाचं टास्क, लॉगिन झालं की पूर्ण ॲडमिन अधिकाराने एक बॅच फाइल, म्हणजे कमांड लिहून ठेवलेली फाइल, चालवायची. नोटपॅडमध्ये उघडली तर आत एकच ओळ, सगळ्या प्रोफाइलची, म्हणजे घरच्या-बाहेरच्या सगळ्या प्रकारच्या नेटवर्कसाठीची, फायरवॉल ऑफ.

मावशीला विचारलं, प्रिंटरचं काही काम करून घेतलं होतं का? तेव्हा आठवलं. प्रिंटर तिच्या लॅपटॉपला जोडलेला, आणि काकांचा जुना डेस्कटॉप आतल्या खोलीतून वायफायवरून त्यावर प्रिंट मारतो. ते चालेना म्हणून दिवाळीआधी एका दुकानातून माणूस बोलावला होता, त्याने दहा मिनिटांत चालू करून दिलं, पैसे घेतले, चहा प्यायला आणि गेला. खरं दुखणं एवढंच होतं की घरचं वायफाय विंडोजने 'पब्लिक' धरलं होतं, म्हणजे स्टेशनवरच्या फुकट वायफायसारखं, आणि पब्लिकमध्ये शेअरिंगचे दरवाजे बंद असतात. त्या माणसाने नेटवर्क 'प्रायव्हेट' करायच्या ऐवजी चौकीदारालाच रोज सकाळी घरी पाठवायची व्यवस्था केली. आणि मावशी हाच लॅपटॉप घेऊन लेकीकडे, हॉटेलात, कुठे कुठे जाते!

टास्क डिसेबल केलं, फाइल उडवली, नेटवर्क प्रायव्हेट केलं, फाइल आणि प्रिंटर शेअरिंगला फक्त त्याच प्रोफाइलमध्ये परवानगी दिली, फायरवॉल चालू केली आणि दोनदा रीस्टार्ट करून बघितलं. पट्टी आली नाही. मग आतल्या खोलीतून काकांना प्रिंट द्यायला सांगितली. त्यांनी रामरक्षा काढली, मोठ्या टाइपात, चार पानं, आणि तिसरं पान प्रिंटरमध्ये अडकलं.